इंग्लंडमध्ये दम्याची औषधे नर्सने लिहून दिली तर चालतात का?

गोदातीर

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने मी गेल्या वर्षी नाशिकहून रेडिंगला आले. दमा मला शाळेत असल्यापासून आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी निघताना बरेच महिने पुरतील इतके पंप बरोबर दिले होते. त्यांतला एक सकाळ-संध्याकाळ घ्यायचा बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉलचा एकत्रित पंप आहे आणि दुसरा धाप लागली तरच घ्यायचा साल्ब्युटामॉलचा. तो साठा आता संपत आला आहे, आणि इथली थंडी व दमट हवा सुरू झाल्यापासून पहाटे खोकल्याने जाग येण्याचे प्रमाणही वाढले आहे.

इथल्या सर्जरीत, म्हणजे ज्याला आपण दवाखाना म्हणू तिथे, माझी नोंदणी झालेली आहे. पण डॉक्टरांची भेट मिळणे फार कठीण जाते. सकाळी आठला फोन सुरू होतात आणि माझा नंबर लागेपर्यंत त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या असतात. शेवटी रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितले की डॉक्टर पुढच्या महिन्यात भेटतील, पण ‘अस्थमा नर्स’ याच आठवड्यात भेटू शकेल आणि औषधेही तीच लिहून देईल.

घरी फोनवर हे सांगितले तेव्हा सासरे म्हणाले, “नर्सच्या चिठ्ठीवर औषध घ्यायचे म्हणजे कंपाउंडरने पुडी बांधून दिल्यासारखेच झाले.” मला तसे वाटत नाही, पण मनात शंका आहे हे खरे. नर्सला इथे कायद्याने औषध लिहिण्याचा अधिकार आहे का? भारतात चालू असलेली औषधे ती बदलेल का? आणि डॉक्टरांची वाट पाहणे अधिक शहाणपणाचे आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

निशिगंध

गोदातीर, आधी ती वेळ पक्की करा आणि मग पुढचे वाचा. मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि गेली बरीच वर्षे मिडलंड्समधल्या एका सर्जरीत दमा व सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) रुग्णांचे काम पाहते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आपल्याकडून आलेली बहुतेक मंडळी पहिल्या भेटीत माझ्याकडे बघून “डॉक्टर केव्हा येतील?” असे विचारतात.

कायद्याचे उत्तर सरळ आहे: हो, अधिकार आहे. ज्युलिया कम्बर्लेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८६ साली जो अहवाल दिला, त्यात घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांचा बराच वेळ केवळ डॉक्टरांच्या सहीची वाट पाहण्यात जातो, असे निरीक्षण होते. जखम कशी आहे आणि तिला कोणती पट्टी लागेल हे नर्सला ठाऊक असे, पण कागदावर सही दुसऱ्या कोणाची तरी लागे. त्यातून १९९२ चा कायदा आला. सुरुवातीला पट्ट्या, मलमे, जुलाबाची औषधे अशी एक मर्यादित यादीच नर्सला लिहिता येत असे. ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २००६ पासून, ज्या नर्सने त्यासाठीचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले आहे तिला आपल्या कौशल्याच्या कक्षेत येणारे जवळजवळ कोणतेही परवानाप्राप्त औषध लिहिता येऊ लागले. हे प्रशिक्षण विद्यापीठात होते, त्यात अनुभवी प्रिस्क्रायबरच्या, म्हणजे औषध लिहिण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या, देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या नोंदवहीत नावापुढे तशी नोंद होते. ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. चिठ्ठीवरची सही तिची स्वतःची असते, डॉक्टरांच्या वतीने केलेली नव्हे. आणि काही चुकले तर जबाबही तिलाच द्यावा लागतो. तेव्हा कंपाउंडरची उपमा इथे लागू पडत नाही, हे सासऱ्यांना नम्रपणे सांगावे.

मात्र एक भेद नीट लक्षात ठेवा, कारण गोंधळ इथेच होतो. सर्जरीत काम करणारी प्रत्येक नर्स प्रिस्क्रायबर नसते. फ्लूची लस टोचणारी नर्स ती लस एका लेखी सामूहिक आदेशाच्या आधारे देते, आणि त्यात औषध निवडण्याचा अधिकार येत नाही. काही नर्सना दम्याचे उत्तम शिक्षण असते, त्या तपासणी अतिशय चांगली करतात, पण शेवटी चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीला पाठवतात. म्हणून वेळ घेताना रिसेप्शनला एवढेच विचारा की या नर्स स्वतः प्रिस्क्रायबर आहेत का. हा प्रश्न इथे कोणालाही उद्धट वाटत नाही.

आता भेटीत काय होते ते सांगते, कारण मला वाटते की तुमची खरी शंका कायद्याविषयी नसून तपासणी नीट होईल की नाही याविषयी आहे. डॉक्टरांकडे साधारणपणे दहा मिनिटे मिळतात. दम्याच्या भेटीसाठी नर्सकडे बहुधा त्याहून जास्त वेळ राखलेला असतो. दम्यामुळे झोप मोडते का, दिवसा धाप, घरघर किंवा छाती आवळल्यासारखे होते का, आणि रोजच्या कामांत अडथळा येतो का, हे तीन प्रश्न तुम्हाला हमखास विचारले जातील. पहाटेचा खोकला तिथे आवर्जून सांगा. “तशी बरी आहे” हे आपले नेहमीचे उत्तर दम्याच्या बाबतीत फार घातक असते. त्यानंतर पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, फुंकायला लावतील आणि पंप कसा घेता ते त्यांच्यासमोर करून दाखवायला सांगतील.

हे शेवटचे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण माझ्या मते सगळ्या भेटीचे सार त्यातच आहे. फवाऱ्याचा पंप असेल तर श्वास सावकाश, चार-पाच सेकंद लावून आत घ्यायचा आणि मग जमेल तितका, साधारण दहा सेकंद, रोखायचा. कोरड्या पावडरीचा असेल तर श्वास जोराने आणि खोल ओढावा लागतो. एकाची सवय झालेला माणूस दुसरा पंप हाती आला की जुन्याच पद्धतीने घेतो आणि औषध जिभेवर व घशात बसते. वर्षानुवर्षे औषध ‘लागू पडत नाही’ म्हणून मात्रा वाढवत गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, ज्यांना नव्या औषधापेक्षा फक्त एका स्पेसरची, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीची, गरज होती.

भेटीला जाताना सगळे पंप त्यांच्या खोक्यांसह न्या. नाशिकच्या डॉक्टरांचे कागद, स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) झाली असल्यास तिचा अहवाल, गेल्या वर्षभरात स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या का याची नोंद, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने कधी त्रास झाला असल्यास ती माहिती जवळ ठेवा. निदानाचा पुरावा कागदावर नसेल तर श्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजणारी चाचणी किंवा पुन्हा स्पायरोमेट्री करावी असे त्या सुचवतील. तो तुमच्यावरचा अविश्वास नाही. दमा नसताना दम्याचे औषध घेणारे आणि दमा असून न घेणारे असे दोन्ही प्रकारचे लोक इथे भरपूर आहेत, म्हणून ही काळजी घेतली जाते. चाचणीची वाट पाहत चालू औषध बंद करू नका. कोणी तसे सुचवले तर कारण विचारा.

औषध बदलेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मूळ औषधे बहुधा तीच राहतील, कारण बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल इथेही सर्रास दिले जाते; कंपनी व उपकरण बदलू शकते. पण एक बदल तुम्हाला सुचवला जाण्याचा संभव आहे आणि तो ऐकून दचकू नये म्हणून आधीच सांगते. नोव्हेंबर २०२४ मध्ये इथली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे नव्याने आली, आणि त्यांनुसार दमा असलेल्या कोणत्याही वयाच्या रुग्णाला नुसता साल्ब्युटामॉलचा निळा पंप, सोबत श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड न देता, लिहून द्यायचा नाही. बारा वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी एकच एकत्रित पंप रोज आणि धाप लागली तरीही वापरण्याची पद्धत पुढे आली आहे. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत परिणाम दाखवते आणि त्या प्रत्येक झुरक्याबरोबर सूज कमी करणारे औषधही फुफ्फुसात जाते, हे त्यामागचे कारण आहे. त्यामुळे नर्स जर म्हणाली की तुम्हाला निळ्या पंपाची गरज उरणार नाही, तर ती काटकसर करते आहे असे समजू नका. मात्र ही सोय फॉर्मोटेरॉल असलेल्या पंपांपुरतीच आहे. सालमेटेरॉल असलेला एकत्रित पंप तातडीच्या वेळी उपयोगाचा नाही, कारण त्याचा परिणाम उशिरा सुरू होतो.

पूर्वेचा वारा

निशिगंध यांनी लिहिलेले तत्त्वतः पटते. तरी रुग्णाच्या खुर्चीतून चित्र थोडे वेगळे दिसते, म्हणून लिहितो. मी सध्या एडिनबरोला असतो. त्याआधी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये होतो. तिथल्या आमच्या सर्जरीतल्या नर्सने माझी तपासणी इतकी बारकाईने केली होती की तशी मुंबईतल्या नामवंत छातीतज्ज्ञांकडेही झाली नव्हती. पण त्या प्रिस्क्रायबर नव्हत्या. चिठ्ठी डॉक्टरांच्या संगणकावर सहीसाठी गेली, मध्ये शनिवार-रविवार आला, आणि सोमवारी फार्मसीत गेलो तर तिथे माझ्या नावावर काहीच आलेले नव्हते. सर्जरी म्हणे पाठवले, फार्मसी म्हणे मिळाले नाही. दमेकऱ्याने या दोन खिडक्यांमध्ये किती वेळ उभे राहावे, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत सापडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच तीन गोष्टी तोंडी स्पष्ट करून घ्याव्यात. चिठ्ठीवर सही कोण करणार, ती कोणत्या फार्मसीला जाणार, आणि हे औषध ‘रिपीट’ यादीत टाकले आहे का. त्यांतली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एकदा औषध रिपीटवर आले की दर वेळी भेट लागत नाही. एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) अ‍ॅपवरून मागणी नोंदवता येते आणि वर्षातून एकदा दम्याची फेरतपासणी झाली की यादी चालू राहते. मागणी मात्र पंप संपायच्या आठवडाभर आधी नोंदवावी. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सर्जरींनी ऑनलाइन अर्ज कामाच्या पूर्ण वेळेत, म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहापर्यंत, स्वीकारायचे आहेत. तेव्हा सकाळी आठच्या फोनच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा दुपारी शांतपणे अर्ज भरणे बरे, निदान आपले म्हणणे लेखी तरी राहते.

खर्चाचाही विचार करा. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून औषधाच्या चिठ्ठीला पैसे पडत नाहीत. वेल्स व उत्तर आयर्लंडमध्येही पडत नाहीत. इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात, मग चिठ्ठी डॉक्टरची असो वा नर्सची. ज्या आजारांना ही आकारणी माफ आहे त्यांची यादी १९६८ सालची आहे आणि तीत औषधांवर असलेला मधुमेह बसतो, पण दमा नाही. हे मला आजही अनाकलनीय वाटते. वर्षाला बारा किंवा त्याहून जास्त औषधे लागत असतील तर ११४.५० पौंडांचे वार्षिक प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्यावे, ते हप्त्यांनीही भरता येते. तीन महिन्यांचे ३२.०५ पौंडांना मिळते.

गोदातीर

दोघांचेही मनापासून आभार. फोन करून विचारले. नर्स प्रिस्क्रायबर आहेत आणि शुक्रवारची वेळ मिळाली आहे.

आता दोन उपप्रश्न आहेत. निळ्या पंपाचे थोडेच डोस उरले आहेत. शुक्रवारच्या आत तो संपला तर कोणत्याही फार्मसीत नाशिकची चिठ्ठी दाखवून एक पंप मिळेल का? आपल्याकडे केमिस्ट ओळखीचा असला की पंप सहज मिळतो, म्हणून विचारले. दुसरे असे की उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी येणार आहे. तिचे वय सत्तरच्या जवळ आहे आणि दमा तिलाही आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला नर्स तपासते का?

औषधपेटी

मी लेस्टरमध्ये फार्मासिस्ट आहे, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. आमच्याकडे ‘तातडीचा पुरवठा’ नावाची तरतूद आहे. डॉक्टर गाठता येत नसेल, औषधाची खरोखर तातडी असेल आणि ते औषध तुम्हाला पूर्वी लिहून दिलेले असेल, तर फार्मासिस्ट स्वतःच्या निर्णयाने चिठ्ठीशिवाय ते देऊ शकतो. पंप असेल तर उपलब्ध असलेला सर्वांत लहान पॅक देतो. १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या सरकारी क्रमांकावर फोन केला तर तेही अशा रुग्णाला जवळच्या फार्मसीकडे पाठवतात. पण ‘पूर्वी लिहून दिलेले’ याचा कायद्यातला अर्थ ब्रिटनमधल्या, किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्र व स्वित्झर्लंडमधल्या प्रिस्क्रायबरने लिहून दिलेले, असा आहे. भारतातली चिठ्ठी त्यात बसत नाही. समोरचा फार्मासिस्ट नाही म्हणाला तर तो अडवणूक करत नसतो.

म्हणून तुमच्या बाबतीत आजच सर्जरीला फोन किंवा ऑनलाइन अर्ज करून “माझा तातडीचा पंप संपत आहे आणि पहाटे त्रास होतो आहे” हे नेमके वाक्य सांगा. ‘रिपीट औषध हवे’ असे म्हटले तर ती मागणी नेहमीच्या रांगेत जाते. ‘पंप संपतो आहे’ म्हटले की ती वेगळ्या नजरेने पाहिली जाते, आणि ही अतिशयोक्ती नाही, ती वस्तुस्थितीच आहे. संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी १११ ला हेच सांगा. अर्जंट ट्रीटमेंट सेंटरमध्येही पुष्कळदा नर्सच तपासतात आणि त्यांच्यापैकी अनेक प्रिस्क्रायबर असतात. एकदा इथली पहिली चिठ्ठी तुमच्या नोंदीत आली की पुढच्या वेळी तातडीच्या पुरवठ्याची वाट तुम्हालाही खुली होईल.

मात्र १११ आणि ९९९ (रुग्णवाहिकेचा तातडीचा क्रमांक) यांत गल्लत करू नका. एक वाक्य एका दमात पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा निळ्या पंपाने उतार पडत नसेल, तर वाट न पाहता ९९९ लावायचा. मदत येईपर्यंत ताठ बसून निळ्या पंपाचा एक-एक झुरका, तीस ते साठ सेकंदांच्या अंतराने, जास्तीत जास्त दहापर्यंत घ्यायचा. शक्य असेल तर स्पेसरमधून घ्या.

ओळखीच्या केमिस्टविषयीही थोडे लिहितो, कारण ती सोय मी लहानपणी सोलापुरात पाहिली आहे आणि तिचे धोके इथे काम करताना समजले. मागेल तेव्हा निळा पंप मिळत गेला की रुग्णाला तो वाढता वापर दिसतच नाही. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ब्रिटनमधल्या दम्याच्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९५ मृत्यू तपासले होते. मृत्यूच्या वेळी झटपट आराम देणारे पंप वापरत असलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना आधीच्या वर्षभरात बारापेक्षा जास्त असे पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून अधिक पंप चिठ्ठीवर, रीतसर दिला जात होता आणि हे प्रमाण का वाढले आहे असे कोणी थांबून विचारले नव्हते. दम्याचा लेखी कृती-आराखडा मिळाल्याची नोंद केवळ २३ टक्क्यांच्या बाबतीत सापडली. आता वर्षाला दोनशे डोसांचे तीन निळे पंप लागले तरी दमा आटोक्यात नाही असे धरतात. म्हणून तुमच्या पहाटेच्या खोकल्याइतकेच, हा निळा पंप किती दिवसांत संपला तेही नर्सना सांगा. आणि कृती-आराखडा लेखी मागून घ्या. बरे असताना काय घ्यायचे, बिघडू लागले तर काय वाढवायचे आणि केव्हा कोणाला फोन करायचा, हे त्या एका कागदावर असते.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. माझे शिक्षण बी.एस्सी. नर्सिंग आणि त्यानंतरचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. ही चर्चा वाचताना थोडा हेवा वाटला, म्हणून आमच्याकडची स्थिती लिहिते.

डॉक्टर गाठणे कठीण हे वाक्य आमच्याकडे अक्षरशः खरे आहे. पावसाळ्यात पाड्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचणे हाच एक आजार असतो. दम्याचा रुग्ण माझ्याकडे आला तर छातीची घरघर मला ऐकू येते, ऑक्सिजनचे प्रमाण मला मोजता येते, पण नियमित औषध स्वतःच्या अधिकारात सुरू करणे माझ्या कक्षेत नाही. मी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सेवेवर डॉक्टरांशी संपर्क साधून देते, रुग्णाची माहिती सांगते, डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि मग मी औषध देते. नेटवर्क असले तर हे काम छान होते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांतही आमच्यासारख्यांची भूमिका रुग्ण व डॉक्टर यांना जोडण्याची आहे, औषध लिहिण्याची नाही. त्यामागचे कारण मला समजते. अर्धवट ज्ञानावर औषधे वाटणाऱ्यांनी आपल्याकडे कमी नुकसान केलेले नाही.

पण खरी अडचण सहीच्याही अलीकडे आहे. साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे दोन्ही श्वासावाटे घ्यायचे प्रकार राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहेत, तरी गावात दमेकरी म्हटला की डेरिफायलीनचे (श्वासनळ्या सैल करणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन आणि साल्ब्युटामॉलच्या गोळ्या हेच ठरलेले असते. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘लग्नाच्या मुलीच्या हातात पंप दिसता कामा नये’ हे मी रोज ऐकते. इंजेक्शनने तासाभरात बरे वाटते, आणि पंधरा दिवसांनी रुग्ण पुन्हा त्याच दारात उभा असतो. पंप कसा ओढायचा हे दहा वेळा दाखवायला डॉक्टरांना वेळ नसतो, तो माझ्याकडे असतो. त्या अर्थाने निशिगंध यांचे काम आणि माझे काम निम्म्याहून जास्त सारखेच आहे.

निशिगंध, एक विचारायचे होते. इतका अधिकार असताना तुम्ही स्वतःहून डॉक्टरांकडे कोणाला पाठवता?

निशिगंध

सातपुडा, तुमचा प्रश्न फार योग्य आहे, कारण अधिकाराची चर्चा करताना त्याची सीमा आम्ही लोक सहसा सांगत नाही. निदानच संशयास्पद असेल, वजन घटत असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा छातीच्या एकाच बाजूला वेगळा आवाज येत असेल, तर तो दमा नसून दुसरेच काही असू शकते आणि तिथे मी थांबते. अगदी लहान मुलांमध्ये घरघर पुष्कळदा विषाणूमुळे होते, तिथेही निदानाचा निर्णय मी एकटी घेत नाही. त्रास सुट्टीत कमी आणि कामावर जास्त होत असेल, तर बेकरी, रंगकाम किंवा वेल्डिंगसारख्या कामातून दमा झाला आहे का हे तज्ज्ञांनीच पाहिले पाहिजे. वर्षभरात दोन वा अधिक वेळा स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या तर मी छातीतज्ज्ञांकडे पाठवण्याचा आग्रह धरते. तीव्र दम्यासाठीची बायोलॉजिक इंजेक्शने तर विशेष केंद्रांतूनच सुरू होतात. आणि ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली असेल तर चिठ्ठीचा प्रश्नच उरत नाही, रुग्णवाहिका बोलवायची. दम्याचा झटका येऊन गेलेला रुग्ण मात्र दोन कामकाजी दिवसांत मला दिसलाच पाहिजे असा आमच्याकडे दंडक आहे, आणि ते काम डॉक्टरांपेक्षा नर्सकडेच जास्त चांगले होते असे माझे प्रामाणिक मत आहे.

पूर्वेचा वारा यांची तक्रार मला मान्य आहे. सहीसाठी चिठ्ठी पडून राहते तेव्हा नर्सने केलेल्या चांगल्या तपासणीवर पाणी पडते. यावर माझा उपाय एवढाच की जिथे नर्स प्रिस्क्रायबर नाही तिथे दम्याची वेळ शुक्रवारी दुपारी देऊच नये. आमच्या सर्जरीत हे पटवून द्यायला मला बराच वाद घालावा लागला.

गोदातीर, आईंविषयी. सर्जरीतली तपासणी, मग ती डॉक्टरांची असो वा नर्सची, इंग्लंडमध्ये कोणालाही मोफत असते. व्हिसा कोणता आहे हे तिथे आड येत नाही. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी तात्पुरती नोंदणी करता येते. साठ वर्षांवरील व्यक्तीला औषधाच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत, आणि ही सवलत आईंनाही लागू होईल. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर मात्र परदेशी पाहुण्यांकडून पूर्ण, किंबहुना वाढीव, आकारणी होते. अपघात व तातडीच्या विभागातील उपचार त्यातून वगळलेले आहेत, पण तिथून वॉर्डात हलवले की आकारणी सुरू होते. म्हणून प्रवास विमा घेताना दमा आधीपासून असल्याचे त्यात स्पष्ट लिहा, नाहीतर नेमक्या वेळी तो विमा उपयोगी पडत नाही.

आईंना तीन महिन्यांहून थोडे जास्तच औषध, मूळ खोक्यांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणायला सांगा. त्या रोटाकॅप (उपकरणात घालून ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल) वापरत असतील तर त्या कॅप्सूल व त्यांचे उपकरण इथल्या फार्मसीत मिळेल असे धरून चालू नका. संपल्या तर पंपाचा प्रकारच बदलावा लागेल, आणि मग तो घेण्याची पद्धत नव्याने शिकावी लागेल. पंप सामानात न टाकता विमानात हातातल्या पिशवीत ठेवायचे. आणि तुमच्या शुक्रवारच्या भेटीत एकत्रित पंपाच्या खोक्यावरचा २०० किंवा ४०० हा आकडा नर्सना दाखवा. इथल्या काही खोक्यांवर तीच मात्रा १६० किंवा ३२० अशी छापलेली असते, कारण ती पंपाच्या आत मोजली जाणारी नव्हे तर तोंडापर्यंत पोचणारी मात्रा असते. आकडा लहान दिसला म्हणून औषध कमी केले असे समजून स्वतःहून झुरके वाढवू नका.